वजा चारशे एकतीस

सोमवार, ११ जून १९५६

शाळा आज उघडली. मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं की शालेय फुटबॉल मंडळाच्या वर्गवारी समितीचा चिटणीस म्हणून माझी नेमणूक झाली आहे. नेमणूक नानांनी केली. नाना म्हणजे गिरगावातले नावाजलेले सॉलिसिटर, आमच्या शाळेच्या चालक मंडळाचे अध्यक्ष आणि फुटबॉल मंडळाचेही अध्यक्ष. काम असं आहे: स्पर्धेत उतरणाऱ्या बावीस शाळांची दोन गटांत वाटणी करायची. तगड्या शाळा अ गटात, दुबळ्या ब गटात, म्हणजे बरोबरीचे बरोबरीच्यांशी खेळतील. आजवर ही वाटणी खेळाचे मास्तर चहा पीत, अंदाजाने करायचे आणि दर वर्षी भांडणं व्हायची. नानांना आता गणिताचा माणूस हवा होता. मी वीस वर्षं भूमिती शिकवतो आहे. योग्य माणसाकडे काम आलं, एवढंच नोंदवतो.

घरी सांगितलं तर दमयंती म्हणाली, "अहो, पण तुम्ही जन्मात कधी चेंडूला पाय लावलाय का?"

म्हटलं, "फाशीची शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाने आधी स्वतः खून करून पाहिलेला नसतो."

"म्हणजे फाशी कुणाला द्यायचीय?"

बायकोला उपमा समजावत बसण्यात अर्थ नसतो.

गुरुवार, १४ जून

सूत्र सापडलं. इतकं सोपं की आजवर कुणाला सुचलं कसं नाही याचंच नवल वाटतं. शाळेच्या पटावर मुलं जितकी जास्त, तितके चांगले अकरा निवडायला वाव जास्त. आठशेच्या वर पट असेल तर अ गट, खाली असेल तर ब. नियम क्रमांक तीन म्हणून लिहिलं: "पटावरील प्रत्येक विद्यार्थी हा संघाचा संभाव्य खेळाडू मानण्यात येईल." युक्लिडलाही आवडलं असतं.

मंगळवार, १९ जून

बावीसही शाळांचे पट आले. आमची शाळा एक हजार शेहेचाळीस. म्हणजे अ गट. नानांना कळवायला ठाकूरद्वारच्या त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कोकम सरबत दिलं. ब गटाची ढाल त्यांनी या वर्षी कैलासवासी वडिलांच्या स्मरणार्थ ठेवली आहे, तिचं चित्र दाखवलं. चित्र सुरेख आहे. मग सहज म्हणाले, "वैशंपायन, आपले मुलींचे वर्ग गल्लीपलीकडच्या इमारतीत भरतात. जिना वेगळा, शिपाई वेगळा. त्याला एक शाळा म्हणायचं का हो?"

घरी येताना विचार केला. ज्या दोन आकृतींचा एकही बिंदू सामाईक नाही, त्या दोन आकृतीच मानाव्या लागतात. मुली तीनशे एकाहत्तर, त्या वजा केल्या. उरले सहाशे पंचाहत्तर. ब गट. नानांनी मला काही सुचवलं असं नाही. हे मी स्वतः शोधून काढलं.

सर्वांत मोठा पट असलेल्या शाळांत करी रोडची लोकसेवा हायस्कूल आहे. एक हजार दोनशे बारा. दोन पाळ्यांत भरते. गिरणगावात मुलं फार. अ गट.

सोमवार, २ जुलै

काल संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेलो होतो. काय बोलला तो वक्ता! म्हणाला, दिल्लीत टेबलाशी बसून, नकाशावर पट्टी ठेवून हे आमची वाटणी करतात. आमची मुंबई यांनी पाहिली आहे का? गिरण्यांत धागा जोडणारे हात यांनी पाहिले आहेत का? टाळ्या वाजवून माझे तळहात लाल झाले.

आज शाळेत लोकसेवाचे खेळाचे शिक्षक भेटायला आले. नाव बुधाजी गमरे. तिशीतला माणूस, खादीचा स्वच्छ सदरा, बोलणं शांत. मला असे शांत लोक आवडत नाहीत. त्यांच्याशी वाद घालताना आवाज आपलाच चढतो.

"सर, आम्हाला अ गटात घातलंय."

"तुमचा पट मोठा आहे."

"पटात चारशे एकतीस मुली आहेत. नववीच्या पुढची मुलं दीडशे. त्यातली निम्मी शाळा सुटली की बापाबरोबर कामाला जातात. संध्याकाळी चेंडू घेऊन उभा राहिलो तर मोजून चौदा जण येतात."

"नियम तीन वाचा. प्रत्येक विद्यार्थी संभाव्य खेळाडू आहे."

"मग तुमच्या शाळेच्या मुली कुठं गेल्या, सर?"

मी जिन्याचं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "आमच्याकडे जिना एकच आहे, सर. सगळी त्याच्यावरूनच चढतात." जाताना विचारलं, "तुम्ही आमची शाळा पाहिलीत का कधी?"

म्हटलं, "कागदावर पाहिली. कागदावर सगळं अधिक स्पष्ट दिसतं."

मुद्दा चोख होता, तरी त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

सोमवार, १६ जुलै

अ गटातला पहिला सामना. लोकसेवाविरुद्ध फोर्टातली एक मिशनरी शाळा. चिटणीस म्हणून मला हजर राहावं लागलं. मैदानात चिखल. मिशनरी शाळेची पोरं बूट घालून, लोकरीचे मोजे चढवून, एकेक जण दाराच्या चौकटीएवढा. लोकसेवाची पोरं अनवाणी. गोलीला तर चेंडू आला की डोळे मिटायची सवय. शून्य विरुद्ध नऊ.

सातव्या गोलनंतर दगडू नावाच्या त्यांच्या मुलाने चेंडू अडवायला पाय घातला आणि त्याच्यावर बूट पडला. आवाज मला बाहेर ऐकू आला. गमरे धावत गेले आणि त्याला पाठीवर घेऊन मैदानाबाहेर आले. माझ्याजवळूनच गेले.

अपघात होता. रेफरीनेही तसंच लिहिलं आहे. माझ्या कोष्टकात शाळेचं नाव, पट आणि गट असे तीन रकाने आहेत. पायांचा रकाना नाही, आणि तो असायची गरजही नव्हती.

मंगळवार, १७ जुलै

इस्पितळात गेलो. जायचा माझा विचार नव्हता. दमयंतीने डब्यात शिरा भरला, पिशवी हातात दिली आणि दार उघडून उभी राहिली.

दगडूचा घोटा मोडला आहे. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला. उशाशी त्याची आई राधाबाई होती. गिरणीतून पाळी करून तशीच आली होती, केसांत कापसाचे तंतू. मी कोण ते सांगितलं. ती उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ही बाई बोलणार. तयारी म्हणून नियम तीन मनात घोकला.

ती म्हणाली, "मास्तर, आमच्या पोरांना अ मदी तुम्हीच घातलं न्हवं? शाळेत समद्यांनी सांगितलं, अ म्हंजी वरचा नंबर. ह्याच्या बापानं चाळीत पेढे वाटलं. आजवर आमाला कुनी वरच्यात घातलंच न्हवतं."

मी "होय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शिऱ्याचा डबा तिथेच राहिला.

सोमवार, २३ जुलै

आज गमऱ्यांचा अर्ज आला. दगडू खेळू शकत नाही म्हणून संघात बदल हवा आहे. त्याच्या जागी आधीचा गोली पुढे खेळणार, आणि गोलमध्ये नवीन खेळाडू: दुर्गा कुशाबा, इयत्ता नववी ब.

दोनदा वाचलं. खाली लिहिलं आहे, "नियम क्रमांक तीननुसार पटावरील प्रत्येक विद्यार्थी संभाव्य खेळाडू आहे, तरी परवानगी असावी ही नम्र विनंती."

दुर्गा ही मुलगी आहे.

नियम मीच लिहिला आहे. सकाळपासून त्यात फट शोधतो आहे. "विद्यार्थी" पुल्लिंगी आहे असं म्हणावं, तर मग "पटावरील" मुली मोजल्या कशा? फार चांगला नियम लिहिला गेला, हीच पंचाईत आहे.

शुक्रवार, २७ जुलै

समितीची बैठक. एक सभासद म्हणाले, मुलगी अर्ध्या चड्डीत मैदानात उतरली तर आम्ही राजीनामे देऊ. गमरे म्हणाले, "ती सलवार घालून खेळेल. आणि साहेब, मी तर फार सोपं मागतोय. मुली मोजता, तर मुलींना खेळू द्या. खेळू देत नसाल, तर मुली मोजू नका."

नानांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पाटीवर आकडेमोड केली. लोकसेवाच्या मुली वजा केल्या तर उरतात सातशे एक्क्याऐंशी. म्हणजे आठशेच्या खाली. म्हणजे ब गट. म्हणजे आमच्याच गटात.

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. खाली उतरताना नाना कानात म्हणाले, "पोरीच्या बापाला जाऊन भेटा. तोच नाही म्हणेल. आपल्याला वाईटपणा नको."

बुधवार, १ ऑगस्ट

करी रोडला गेलो. निमित्त, वयाचा दाखला तपासणे.

लोकसेवा हायस्कूल एका गोदामाच्या वरचे दोन मजले आहे. मला वाटलं होतं बाराशे बारांची शाळा म्हणजे मोठी इमारत असेल. एका खोलीत दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसले होते. एका वर्गात इतिहास, दुसऱ्यात माझी भूमिती. मैदान कुठे आहे विचारलं तर शिपायाने दोन चाळींमधली गल्ली दाखवली.

त्या गल्लीतच दुर्गा होती. पंधरा वर्षांची, काटक, वेण्या वर बांधलेल्या. दोन बाजूंना दोन डालडाचे डबे, मध्ये ती. पोरं दहा पावलांवरून चेंडू मारत होती आणि ती अडवत होती. तिची नजर चेंडूवर नव्हतीच, मारणाऱ्याच्या कमरेवर होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सर, पाय फसवतो. कंबर नाही फसवत." हा खरं तर कोनांचा प्रश्न आहे. माझ्या अकरावीतल्या एकाही मुलाला तो इतका कळलेला नाही.

गमरे म्हणाले, "सर, तुम्ही मारून बघा ना एक."

आता हे लिहू नये, पण दैनंदिनीत खोटं कशाला. धोतर सावरून मी चेंडूला पाय मारला. आयुष्यातला पहिला. चेंडू गोलच्या दिशेनेच गेला. दुर्गाने तो एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने जांभई झाकली.

तिचे वडील कुशाबा कॉटन ग्रीनला कापसाच्या गासड्या उचलतात. घरी एकच खोली. मला खाटेवर बसवून स्वतः खाली बसले. मी विषय काढला की मुलीच्या जातीने असं चारचौघांत, मैदानात, लोक काय म्हणतील.

ते म्हणाले, "मास्तर, जानेवारीत मुंबई बंद होती तवा ही मोर्च्यात पुढं होती. माझ्याबी पुढं. तवा तुमचं गिरगावचं पुढारी म्हनालं, शाब्बास पोरी. गोळ्या सुटत व्हत्या तवा कुनी इचारलं न्हाई, ही पोरगी हाय म्हनून. आता चेंडू अडवायचा तर इचारायला घरी आला व्हय?"

चहा पूर्ण न घेताच उठलो. गरम होता.

शनिवार, ४ ऑगस्ट

नानांना सांगितलं की बाप नाही म्हणत नाही. आणि मुलगी खेळली तर वर्तमानपत्रवाले छायाचित्र छापतील, त्याखाली मंडळाचं नाव आणि अध्यक्षांचं नाव येईल.

नानांनी गटांचा तक्ता पुढे ओढला. मग म्हणाले, "नऊ गोल खाल्ले ना त्यांनी? दगडूही नाही. मग ब गटात येऊ देत की. नऊ गोल खाणारे आपलं काय वाकडं करणार? मुली वजा करा. न्यायाचा निर्णय आहे हा, वैशंपायन. तसंच लिहा."

तसंच लिहिलं. लोकसेवा: एक हजार दोनशे बारा, वजा चारशे एकतीस. ब गट. नऊ गोलांचा सामना रद्द. दुर्गाचा अर्ज नामंजूर, कारण ज्या अर्थी मुली मोजल्या जात नाहीत, त्या अर्थी त्या खेळाडू नाहीत. आता सूत्रात फट उरलेली नाही.

गमरे निकाल घ्यायला आले. आभार मानले. माझा समज होता की आनंद होईल. ते कागद घडी घालत म्हणाले, "पोरांना सांगणं सोपं आहे, सर. तिला कसं सांगू?"

राधाबाईंनाही कुणीतरी सांगावं लागेल की आता वरचा नंबर नाही. ते माझं काम नव्हे.

शुक्रवार, १० ऑगस्ट

महाराष्ट्र गेला! दिल्लीने ठरवलं, मुंबईचं मोठं द्विभाषिक राज्य करायचं. कालपर्यंत तीन राज्यं म्हणत होते, आज एक. बेरीज, वजाबाकी, परत बेरीज. आम्हाला विचारलं कुणी? माणसं म्हणजे काय फळ्यावरचे आकडे आहेत, आज लिहिले आणि उद्या पुसले? संतापाने जेवण गेलं नाही.

दमयंती म्हणाली, "खरं आहे हो तुमचं," आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली.

सोमवार, २० ऑगस्ट

उपांत्य सामना. आमची शाळा विरुद्ध लोकसेवा. मधल्या दोन फेऱ्या त्यांनी जिंकल्या होत्या, त्याकडे माझं लक्ष नव्हतं.

त्यांचा गोली तोच, डोळे मिटणारा. पण दुर्गा त्याच्या गोलमागे बसली होती. प्रेक्षकांना बसायला बंदी नाही. आमचा फॉरवर्ड आला की ती ओरडायची, "डावीकडं! कंबर बघ! डावीकडं!" आणि पोरगा डोळे मिटूनच डावीकडे झेप घ्यायचा. नऊपैकी आठ वेळा चेंडू तिथेच आला. आमचे खेळाचे मास्तर माझ्याकडे धावत आले, "सर, हिला उठवा, हे नियमाबाहेर आहे." नियमपत्रिका काढली. ती खेळाडू नाही असा माझ्याच सहीचा कागद होता. जी खेळाडू नाही ती प्रेक्षक, आणि प्रेक्षकाच्या ओरडण्याविरुद्ध नियम नाही.

दोन विरुद्ध एक. लोकसेवा जिंकली.

गंमत म्हणजे लोकसेवाचा दुसरा गोल झाला तेव्हा मी उभा राहिलो होतो. का ते सांगता येत नाही. नानांनी पाहिलं. म्हटलं, पायाला मुंग्या आल्या.

शनिवार, ८ सप्टेंबर

अंतिम सामनाही लोकसेवानेच जिंकला, एक शून्य. ढाल द्यायला नाना उभे राहिले. वडिलांच्या नावाची ढाल करी रोडच्या अनवाणी पोरांच्या हातात देताना त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण वकील माणूस. भाषण छान केलं. "खेळात न्याय असावा हा माझा पहिल्यापासूनचा आग्रह. तगड्यांनी तगड्यांशी खेळावं. म्हणून मी आज जाहीर करतो की ब गट जिंकणाऱ्या शाळेला पुढील वर्षी अ गटात बढती देण्यात येईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. राधाबाई कुबडीवरच्या दगडूला धरून उभ्या होत्या. त्यांनी सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या. गमऱ्यांनी वाजवल्या नाहीत. ते पोरांच्या पायांकडे बघत होते.

शेजारी बसलेल्या सभासदांनी मला सांगितलं की पुढच्या वर्षी वर्गवारीला दुसरा चिटणीस येणार आहे. कॉमर्सचा आहे म्हणे. बरं झालं. माझ्याकडे दहावीच्या वह्यांचं काम खूप साठलं आहे.

मग छायाचित्र. मधोमध ढाल, मागे पोरं, पुढे पाच खुर्च्या. नाना मधल्या खुर्चीत, मी कडेच्या. दुर्गा मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. फोटोवाल्याने कापडाबाहेर डोकं काढून विचारलं, "ती मुलगी खेळाडू आहे का?" कुणीतरी नाही म्हणालं. गमरे तेव्हा मागे दगडूला स्टुलावर चढवत होते, त्यांनी ऐकलं नाही. फोटोवाल्याने हाताने खूण केली आणि ती रांगेतून निघून बाजूला आली. माझ्या खुर्चीशेजारी, चौकटीच्या जरा बाहेर.

वाकून हळूच म्हणाली, "सर, तुम्ही गणिताचे ना? एक विचारू?"

म्हटलं, "विचार."

"मला मोजलं तेव्हा आमची पोरं नऊ गोलांनी हरली. मला वजा केलं तेव्हा ढाल आली. मग मी किती?"

तिने चेष्टेने विचारलं नव्हतं. वर्गात खरंच न समजलेलं विचारतात, तसं विचारलं होतं. मी उत्तर द्यायला तिच्याकडे वळू लागलो.

फोटोवाला कापडाखालून म्हणाला, "कडेचे मास्तर, हलू नका."

मी हललो नाही.